जपानमध्ये व्यावसायिक बैठकीत व्हिजिटिंग कार्ड देताना कोणते शिष्टाचार पाळावेत?

जपानमध्ये या कार्डाला ‘मेइशी’ म्हणतात आणि त्याची देवाणघेवाण हा बैठकीआधीचा निव्वळ उपचार नसून बैठकीचाच पहिला भाग मानला जातो. उभे राहून, किंचित वाकून, स्वतःचे व कंपनीचे नाव सांगत, समोरच्याला अक्षरे सुलट दिसतील अशा रीतीने कार्ड दोन्ही हातांनी द्यावे. घेतानाही, आपण प्रसाद घेतो तितक्याच अदबीने, दोन्ही हात पुढे करावेत. मिळालेले कार्ड क्षणभर वाचावे आणि बैठक संपेपर्यंत टेबलावर, शक्यतो माणसे ज्या क्रमाने बसली असतील त्याच क्रमाने, मांडून ठेवावे. याचा खरा फायदा पाहुण्यालाच होतो, कारण अनोळखी नावे सतत डोळ्यांसमोर राहतात. त्यांच्यादेखत कार्डावर टिपणे लिहिणे किंवा ते पँटच्या मागच्या खिशात कोंबणे मात्र अवमानकारक वाटते. संबोधताना आडनावानंतर ‘सान’ जोडावे, स्वतःच्या नावाला कधीही नाही; आपणही स्वतःला ‘साहेब’ म्हणवून घेत नाही, तसेच हे. भेटवस्तू न्यायची असल्यास चार नगांचा संच टाळावा, कारण ‘चार’ आणि ‘मृत्यू’ या दोन्हींसाठी तिथे ‘शी’ हा उच्चार आहे.