मुंबईच्या घामात डिओ सोडायचा तर : तुरटी, भिरंडेल आणि सोड्याची गडबड

प्रश्न थोडक्यात असा आहे: रोजचा प्रवास डोंबिवली ते सीएसएमटी, घरात प्लॅस्टिक कमी करायचं ठरलं म्हणून स्प्रे आणि रोल-ऑन बंद केले. परदेशी व्हिडिओ बघून खोबरेल आणि खाण्याच्या सोड्याचं मलम केलं. ते बाटलीत पातळ झालं, ब्लाउजला तेलाचे डाग पडले आणि आठवड्यात काख लाल होऊन खाजायला लागली. आता तुरटी वापरावी का, तिच्यात ॲल्युमिनियम असतं का आणि जुना डिओ सोडल्यावर करायला सांगतात त्या 'डिटॉक्स'ला किती दिवस लागतात?

मलम पातळ होण्यात तुमची काही चूक नाही. खोबरेल साधारण २४-२५ अंशांना वितळतं. ज्या देशांतून ही कृती आली तिथे ते वर्षातले बरेच महिने बरणीत घट्ट असतं. आपल्याकडे ते जानेवारीतल्या चार-दोन पहाटे गोठलं तर नशीब. म्हणजे मुंबईत ती कृती करणं म्हणजे तेलात पीठ कालवणं. पीठ तळाशी बसतं आणि वरचं तेल तेवढं कपड्याला लागतं. शिवाय तळाच्या गाळात सोडा एकवटतो, त्यामुळे बरणी संपत येते तसतशी काख जास्त जळते.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. घाम थांबवणारं अँटिपर्स्पिरंट आणि वास थांबवणारा डिओ हे दोन निराळे प्रकार आहेत. पहिल्यात ॲल्युमिनियमचे क्षार असतात, उदाहरणार्थ ॲल्युमिनियम क्लोरोहायड्रेट. ते घामाच्या नळीच्या तोंडाशी जेलसारखं बूच तयार करतात. आपल्याकडचे बहुतेक स्प्रे मात्र नुसते अल्कोहोल, सुगंध आणि फवारा उडवणारा ज्वालाग्राही वायू एवढेच असतात. ताजा घाम स्वतः जवळजवळ बिनवासाचा असतो. काखेत वयात आल्यावर ज्या खास ग्रंथी सुरू होतात त्यांचा स्राव तिथले जीवाणू खातात आणि वास त्यातून निघतो. आपली लढाई त्या जीवाणूंशी आहे. नैसर्गिक म्हणवणारा कुठलाही डिओ घाम थांबवत नाही. ओल राहणारच, ती कुबट होऊ द्यायची नाही इतकंच.

डिटॉक्सचं उत्तरही यातच आहे. जुन्या डब्यावरचा मजकूर वाचा. त्यात ॲल्युमिनियमचा क्षार नसेल तर गळून पडायला कुठलं बूचच नव्हतं, म्हणून 'संक्रमणकाळ' वगैरेही नाही. क्षार असेल तर बुचं आपोआप गळतात आणि काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत, घाम पूर्ववत होतो. त्या काळात पूर्वीपेक्षा जास्त घाम आल्यासारखं वाटतं, पण तो तुमचा मूळचाच घाम असतो. काखेत मुलतानी मातीचे लेप देऊन विषं 'खेचून' काढण्याची गरज नाही, तशी विषं तिथे साठलेली नसतात. बदल करायला महिना मात्र निवडा. डिसेंबर-जानेवारीत सुरू करा. मे महिन्यात किंवा ऑक्टोबर हीटमध्ये सुरू केलेले प्रयोग पहिल्या सोमवारीच संपतात.

तुरटी

माझं मत विचाराल तर मुंबईत मुख्य काम तुरटीवर सोपवावं आणि मलम दुय्यम ठेवावं. तिच्यात तेल नाही, ती वितळत नाही, कपड्याला लागत नाही आणि वाण्याकडे कागदाच्या पुडीत मिळते. प्लॅस्टिकमुक्त म्हणून याहून सरळ वस्तू नाही.

पण तुरटीत ॲल्युमिनियम असतं, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचं सल्फेट. 'क्रिस्टल डिओ, ॲल्युमिनियम-फ्री' असं छापून महागड्या वेष्टनात विकला जाणारा खडा बहुधा हाच असतो. ती घामाच्या नळीत क्लोरोहायड्रेटसारखं बूच बसवत नाही. पृष्ठभाग आम्ल करून आणि त्वचा आवळून जीवाणूंना रोखते. काखेत लावलेल्या ॲल्युमिनियममुळे कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं नाही. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र तुरटीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच वापरावी. ॲल्युमिनियम मुळीच नको, असं तुमचं ठाम असेल तर तुरटी सोडून थेट खालच्या मलमाकडे जा.

घेताना पारदर्शक किंवा दुधी पांढरा खडा घ्या. पाणी शुद्ध करायला मोठ्या राखाडी-पिवळट लाद्या मिळतात, त्यांनाही तुरटीच म्हणतात, पण ते साधं ॲल्युमिनियम सल्फेट असतं. ते नको. पांढऱ्या खड्यातही पोटॅशची आणि अमोनियाची अशा दोन जाती येतात आणि डोळ्यांनी फरक कळत नाही. चिमूटभर पूड, तेवढाच खाण्याचा चुना आणि दोन थेंब पाणी बशीत कालवून हलकेच वास घ्या. नाकात झणका गेला तर ती अमोनियाची. वास दोन्हींनी थांबतो, पण त्वचा नाजूक असेल तर पोटॅशची शोधलेली बरी.

खड्याच्या कडा धारदार असतात. ओल्या खरखरीत फरशीवर घासून त्या आधी गोल करा, नाहीतर दाढी केलेल्या काखेत ओरखडे उठतात. अंघोळीनंतर काख पंचाने टिपून किंचित ओलसर ठेवा, खडा पाण्यात बुडवून प्रत्येक बाजूला १५-२० सेकंद फिरवा आणि मिनिटभर हात वर ठेवून वाळू द्या. ही वाळण्याची पायरीच बहुतेक जण गाळतात. ओल्या तुरटीवर लगेच बनियन चढवलं की सगळी तुरटी बनियनलाच लागते आणि मग 'आपल्याकडे तुरटी चालत नाही' असा निष्कर्ष निघतो. खडा धुऊन, पुसून काचेच्या किंवा चिनीमातीच्या बशीत कोरडा ठेवा. मोरीत साबणाशेजारी ठेवला तर पावसाळ्यात विरघळून अर्धा होतो. पत्र्याच्या डबीत तर नकोच, तुरटीच्या आम्लाने पत्रा गंजतो.

घासायचा कंटाळा असेल तर तुरटीचं पाणी करा: उकळून गार केलेलं पाणी १०० मिली, तुरटीची पूड ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. काचेच्या बाटलीत भरा आणि कापसाच्या बोळ्याने लावा. फवाऱ्याची बाटली घेतलीत की झाकणाबरोबर प्लॅस्टिक परत घरात आलं. दर पंधरवड्याला नवं पाणी करा. गुलाबपाणी घालायचं तर पाण्याचा चौथा हिस्सा पुरे. दाढी किंवा व्हॅक्स केलेल्या दिवशी तुरटी लावू नका, झोंबेल. ते काम रात्री उरका आणि तुरटी सकाळी लावा.

मलम करायचंच असेल तर

मुंबईसाठी भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, हे खरं उत्तर आहे. कोकणात ते भेगाळलेल्या टाचांना लावतात. दादर, गिरगाव, लालबागकडे कोकणी माल विकणाऱ्या दुकानांत त्याचे फिकट पिवळसर गोळे विचारा. ते ३८-४० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे मे महिन्यातही घट्ट राहतं आणि त्वचेवर चोळलं की विरघळतं. परदेशी शिया बटर मागवण्याची काहीच गरज नाही.

१०० ग्रॅमचं माप असं: खोबरेल ३५ ग्रॅम, भिरंडेल २० ग्रॅम, मधमाशांचं मेण ८ ग्रॅम, तवकीर (आरारूट) किंवा कॉर्नफ्लॉवर ३२ ग्रॅम, झिंक ऑक्साइड ५ ग्रॅम. यात सोडा नाही, तो मुद्दाम वगळला आहे. आरारूट म्हणून मिळणारी पूड बऱ्याचदा मक्याचंच पीठ असते. इथे त्याने काही बिघडत नाही, फक्त तवकिरीचे पैसे देऊ नका. चमच्याने मोजू नका, वजनकाटा वापरा. मेण दोन ग्रॅमने वाढलं तरी मलम खरवडावं लागतं.

सगळ्या पुडी मलमलीतून दोनदा चाळा. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात कोरडं काचेचं भांडं ठेवा आणि आधी मेण आणि खोबरेल घाला. मेण वितळायला ६२-६४ अंश लागतात, म्हणून त्याला वेळ द्या. मग भिरंडेल घालून ते विरघळताच भांडं बाहेर काढा. थेट गॅसवर ठेवू नका आणि वाफेचं पाणीही आत पडू देऊ नका, कारण पिठात पाणी गेलं की बुरशी आलीच. आता पुडी थोड्या थोड्या घालून ढवळा. इथे घाई नको. भांडं थंड पाण्याच्या परातीत ठेवून मिश्रण श्रीखंडाइतकं दाटेपर्यंत ढवळत राहा, मगच बरणीत भरा. गरम असतानाच ओतलं की पीठ तळाशी बसतं आणि पहिलीच चूक पुन्हा होते.

सुगंध हवा असेल तर कोमट झाल्यावर लव्हेंडर किंवा वाळ्याचं तेल घाला, १०० ग्रॅमला जास्तीत जास्त १ ग्रॅम, म्हणजे अंदाजे २० थेंब. टी-ट्रीचं तेल जुनं झालं की हवेशी संयोग होऊन त्वचेला चटका देतं; वर्षभर कपाटात पडलेली बाटली वापरू नका. लिंबाचं तेल टाळा, आणि कापलेलं लिंबू काखेत चोळणं तर नकोच. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की भाजल्यासारखे काळे चट्टे उठतात. नागरमोथा, गव्हला, कचोरा असा उटण्याचा ऐवज वासाला छान, पण त्याची भरड टोचते. आंबेहळदीचा डाग शुभ्र सदऱ्याला पडला की सहज निघत नाही.

लावायचं प्रमाण: एका काखेला हरभऱ्याच्या डाळीएवढं. बोटांनी चोळून जिरवा आणि दोन मिनिटं थांबून मगच कपडे घाला. डाग पडतात ते बहुधा जास्त लावल्याने. डाग पडलाच तर कपडा भिजवण्याआधी कोरड्या डागावर भांड्यांच्या साबणाची वडी घासा.

सोडा का नको

त्वचेवर नैसर्गिक आम्लपणा असतो. खाण्याच्या सोड्याचा पीएच ८.३ च्या आसपास, म्हणजे उलट बाजूला. काहींना तो वर्षानुवर्षं चालतो, काहींची काख चार दिवसांत सोलते. आपल्याकडे दिवसभराच्या घामाने तो सतत विरघळत राहतो आणि लोकलमध्ये हात वर करून उभं राहिलं की कणांनी त्वचा घासली जाते ती वेगळीच. तुमची लाली त्याचीच असावी. आता दहा दिवस काही लावू नका, फक्त साध्या पाण्याने धुऊन कोरडं ठेवा. त्वचा काळवंडली असेल तर घासून उजळवू नका.

हट्टाने सोडा घालायचाच असेल तर तवकिरीतले ४ ग्रॅम कमी करून तेवढाच घाला, आणि आधी आठवडाभर कोपराच्या खोबणीत लावून बघा. तसं सोड्याचं मलम तुरटीवर मात्र लावायचं नाही. तुरटी आम्ल, सोडा अल्क. दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि काखेत नुसती पांढरी भुकटी उरते. 'तुरटी आणि सोडा समप्रमाणात' अशी एक कृती फिरत असते, तिचा अर्थ हा एवढाच. वरचं बिनसोड्याचं मलम तुरटी वाळल्यावर लावायला हरकत नाही.

अर्धा वास कपड्यात असतो

पॉलिएस्टरचा कुर्ता धुऊनही घातल्यावर तासाभरात वास मारतो, कारण तो धागा काखेतला तेलकट अंश धरून ठेवतो. काख बदललीत आणि कपडे तेच ठेवलेत तर दोष बिचाऱ्या तुरटीला. सुती कपडे उलटे करून अर्धी बादली कोमट पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून तासभर भिजवा. इथे धुण्याचाच हवा, खाण्याचा नव्हे. रेशीम आणि लोकर यात घालू नका. सिंथेटिकला अर्ध्या बादलीत कपभर पांढरा व्हिनेगर घालून अर्धा तास ठेवा. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र नकोत, विषारी क्लोरीन वायू निघतो. पावसाळ्यात दोरीवर दोन दिवस दमट राहिलेल्या कपड्याचा कुबट वास आपण अंगाचा समजतो. बगलेच्या शिवणीवर गरम इस्त्री नीट वाळेपर्यंत फिरवली की तो बराच जातो. एक विषयांतर: मेथीच्या लाडवांच्या दिवसांत घामाला गोडसर वास येतो, तो मेथीचाच. त्यावर कुठलाही डिओ उपाय नाही.

ऑफिसच्या पिशवीत एक ओला आणि एक कोरडा सुती रुमाल ठेवा. उतरल्यावर काख पुसून, कोरडी करून तुरटीचं पाणी पुन्हा लावलं की संध्याकाळपर्यंत निभावतं. घामावरच दुसरा थर चढवला तर काहीही लावलं तरी उपयोग नाही.

प्लॅस्टिकबद्दल: पुठ्ठ्याच्या नळीतली तयार स्टिक कागदी दिसते, पण काहींना आतून प्लॅस्टिकचं अस्तर असतं, विकणाऱ्याला विचारून घ्या. अस्तर नसेल तर तेल पुठ्ठ्यात झिरपतं आणि जुलैत नळी भिजून फुगते. जाम-लोणच्याची जुनी काचेची बरणी त्याहून बरी. घरातले जुने स्प्रे अर्धवट टाकू नका. संपवा, मग सुक्या कचऱ्यात किंवा भंगारवाल्याकडे द्या. डबा भोसकायचा नाही, शेकोटीत तर मुळीच टाकायचा नाही.

खाज दहा दिवसांत थांबली नाही, कडा उठलेले गोल चट्टे दिसले किंवा तपकिरी डाग पसरू लागले तर तो सोडा नसून नायटा किंवा दुसरा संसर्ग असू शकतो. मग त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं 'खाजेचं क्रीम' परस्पर आणू नका. त्याने दोन दिवस बरं वाटतं आणि नायटा दुप्पट पसरतो.

रेशमी ब्लाउज घालायच्या दिवशी मलम नको, फक्त तुरटीचं पाणी पूर्ण वाळवून लावा आणि बगलेत मऊ सुती कापडाची दुहेरी घडी चार टाक्यांनी टाचून घ्या, संध्याकाळी उसवून धुता येते.