आपल्या पैशानं, आपल्या घरात प्यायलो तर सरकारचं काय जातं?

तुमच्या प्रश्नाचा रोख असा आहे की सज्ञान माणसानं काय प्यावं यात कायद्यानं नाक खुपसू नये. निम्मं मला पटतं. उरलेलं निम्मं का पटत नाही, ते सांगते. माझं सासर चंद्रपूर जिल्ह्यात आहे. दारू उघड विकताना, बंद होताना आणि पुन्हा सुरू होताना, अशी तिन्ही वेळा मी तिथं पाहिली आहे.

आधी पटणारं. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार आपल्या राज्यात आजही प्यायला परवाना लागतो. देशीचा एका दिवसाचा २ रुपयांत, विदेशीचा ५ रुपयांत. मत १८ व्या वर्षी, बिअर २१ व्या वर्षी, व्हिस्की २५ व्या वर्षी. हा परवाना खिशात ठेवून पिणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. म्हणजे घरी शांतपणे एक पेग घेणाराही कागदोपत्री गुन्हेगार, आणि त्याला कधी धरायचं ते शिपायाच्या मनावर. असा नियम मला घातक वाटतो, त्यानं कुणाचं भलं होत नाही. मुळात याच कायद्यात दारूची स्तुती करणंही गुन्हा होतं! ते कलम सर्वोच्च न्यायालयानं १९५१ मध्ये बलसारा खटल्यात उडवलं, मात्र दारूवर बंदी घालण्याचा राज्याचा अधिकार कायम ठेवला. घराच्या उंबऱ्याआत सरकारनं किती यावं, याबद्दल मुंबई उच्च न्यायालय २०१६ मध्ये गोमांसाच्या खटल्यात बोललं. गोवंश हत्याबंदी त्यांनी कायम ठेवली, पण परराज्यातून आणलेलं गोमांस नुसतं जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. माणसाच्या ताटात आणि ग्लासात सरकारनं डोकावू नये, इथवर मी तुमच्याच बाजूची.

पण गावातलं देशीचं दुकान म्हणजे कुणाचा ग्लास नव्हे. आमच्या गावात ते बस थांब्याला लागून होतं. शनिवारी मजुरी मिळाली की माणूस बसमधून उतरायचा तो थेट काउंटरपाशी. माझा धाकटा दीर त्यातलाच. पैसे त्याचे, हे खरं. पण जाऊबाई संध्याकाळी पीठ उसनं मागायला यायच्या तेव्हा पदराखाली हाताचं मनगट झाकून यायच्या. जाऊबाईंच्या स्वातंत्र्याचा हिशेब तुमच्या प्रश्नात कुठं बसतो?

राज्यात एक नियम आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. गावातल्या बायकांनी अर्ज केला की दुकानावर गुप्त मतदान होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे आणि आडवी बाटली म्हणजे बंद करा. आमच्याकडे ते २०१३ साली झालं. शाळेच्या व्हरांड्यात सकाळपासून रांग होती, निंदण सोडून आलेल्या बायका, कुणाच्या कडेवर लेकरू. मोजणीत आडवीला भरघोस मतं पडली, तरी आम्ही हरलो. कारण निम्म्याहून जास्त मतं लागतात ती यादीतल्या एकूण बायकांच्या, आलेल्यांच्या नव्हे. लग्न होऊन गेलेल्या पोरींची नावं यादीत तशीच होती. शेजारची म्हातारी पायरीवर बसून म्हणाली, "माही पोरगी तं सासरी गेली वो, अन् तिचं मत बाटलीले कसं गेलं?" मला अजून त्याचं उत्तर देता आलेलं नाही.

मग १ एप्रिल २०१५ पासून अख्खा जिल्हाच कोरडा झाला. त्यासाठी पारोमिता गोस्वामींच्या श्रमिक एल्गार संघटनेसोबत हजारो बायका चिमूरहून नागपूरला पायी गेल्या होत्या, तेव्हा ती वरून लादलेली बंदी होती असं मी म्हणणार नाही. पहिले काही महिने संध्याकाळी गावात शांतता होती. पुढं मात्र पव्वा दुप्पट-तिप्पट भावानं घरपोच यायला लागला आणि पोहोचवायला शाळेतली पोरं. ज्यांच्याकडे गाडी ते वर्धा नदी ओलांडून वणीला जायचे, कारण पलीकडे यवतमाळ जिल्हा. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळानं बंदी उठवली. वाईट वाटलं, पण बंदीनं चोरटी विक्री वाढली असं सरकार म्हणत होतं, ते खोटं नव्हतं.

म्हणून माझं मत असं झालंय की नियम दुकानाला हवा, आणि तो त्या दुकानाशेजारी राहणाऱ्यांनी मागितलेला हवा. अख्ख्या जिल्ह्यानं काय प्यावं हे मुंबईत बसून ठरवायला नको, आणि गावाच्या तोंडावर दुकान उघडायचं हेही तिथूनच ठरायला नको.

दीर आजही पितो. आम्ही कुणी त्याला अडवत नाही.

गावातलं दुकान पुन्हा सुरू झालंय आणि बायकांनी पुन्हा अर्जाची तयारी केली आहे. या खेपेला सह्यांआधी त्या मतदार यादी घेऊन बसल्यात. घरोघरी जाऊन सासरी गेलेल्या लेकींची नावं कमी करायचा फॉर्म भरतात आणि नव्या सुनांची नावं चढवतात. माझ्याकडे वरच्या आळीतली चाळीस घरं आहेत, त्यातली अकरा राहिली आहेत.