इटलीच्या सेरी आमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च फुटबॉल लीगमध्ये, तेच ते क्लब का जिंकतात? अटलांटासारखा क्लब कधी विजेता होईल का?

आयपीएलमध्ये कुठलाही संघ वर येऊ शकतो, मग इटलीतच तीन-चार नावांची मक्तेदारी का, असं तुम्ही विचारलंय. आयपीएलचं आधी बाजूला ठेवतो. तिथे लिलावात सगळ्यांना सारखीच पर्स मिळते आणि तळाला गेलं तरी कोणी लीगबाहेर जात नाही. इटलीत पर्स ज्याची त्याची, आणि वीसपैकी खालचे तीन दरवर्षी सेरी बीमध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत, जातात. या धास्तीपोटी छोटा क्लब चार-पाच वर्षांचा विचारच करू शकत नाही.

२०२५ पर्यंतची विजेतेपदं बघा: युव्हेंटस ३६, इंटर २०, एसी मिलान १९. १९९१ मध्ये जेनोव्हाचा साम्पदोरिया जिंकला. त्यानंतर २०२५ पर्यंत हे तिघे, लाझिओ, रोमा आणि नापोली सोडून कोणीही जिंकलेलं नाही. युव्हेंटसने तर २०१२ ते २०२० अशी ओळीने नऊ वर्षं लीग घेतली. मी रात्री सव्वा वाजता जागून हे सामने बघायचो आणि मार्चपासूनच निकाल ठरल्यासारखा वाटायचा.

'ते श्रीमंत आहेत म्हणून जिंकतात' हे उत्तर खोटं नाही, पण अर्धंच आहे. श्रीमंती आधीही होती. फियाटवाले अग्नेली घराणं युव्हेंटसमध्ये १९२३ पासून आहे. तरीही १९८४-८५ मध्ये वेरोनासारख्या मध्यम शहराचा संघ विजेता झाला, अख्ख्या मोसमात फक्त दोन सामने हरून. त्या वेळी एका क्लबला दोनच परदेशी खेळाडू घेता यायचे. युव्हेंटसकडे प्लाटिनी आणि बोनिएक, तर वेरोनाकडे जर्मनीचा ब्रीगेल आणि डेन्मार्कचा एल्कयेर. अग्नेलींनी तिजोरी उघडली असती तरी तिसरा आणता आला नसता. प्रशिक्षक बान्योली यांनी बाकी संघ मोठ्यांना नकोशा झालेल्यांतून उभा केला होता. फान्ना आणि गाल्देरिसी दोघंही आधी युव्हेंटसचेच. मोसमाच्या पहिल्याच सामन्यात वेरोनाने मॅराडोनाच्या नापोलीला ३-१ हरवलं. (त्या मोसमात पंच सोडत काढून नेमले होते. एरवी पंच मोठ्या क्लबांना झुकतं माप देतात असं सुचवत इटालियन माणूस ही गोष्ट सांगताना हमखास डोळा मारतो.)

पुढे दोन गोष्टी घडल्या. १९९५ च्या बोसमन खटल्याच्या निकालाने युरोपियन युनियनच्या देशांतल्या खेळाडूंवरची मर्यादा गेली, म्हणजे ज्याच्याकडे पैसा त्याला अख्खा युरोप मोकळा. आणि १९९९ च्या कायद्याने पे-टीव्हीचे हक्क प्रत्येक क्लबने स्वतःचे स्वतः विकायचे ठरले. देशभर चाहते असलेल्या युव्हेंटसचा भाव वेगळा आणि लेच्चेसारख्या छोट्या क्लबचा वेगळा, हे सांगायला नकोच. माझ्या मते खरं नुकसान याच काळात झालं. २०१०-११ पासून हक्क पुन्हा एकत्र विकले जाऊ लागले, वाटपही थोडं सुधारलं. २०१८ च्या बदलानंतर ५० टक्के सगळ्यांना समान, ३० टक्के खेळातल्या कामगिरीवर आणि २० टक्के चाहत्यांच्या संख्येवर. पण नीट बघा, उरलेल्या अर्ध्यात वाढप पुन्हा ज्याचं ताट आधीच भरलंय त्यालाच. त्यावर चॅम्पियन्स लीगचे, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेचे, पैसे निराळे.

मला मात्र सर्वांत जास्त खटकतो तो खेळाडूंचा बाजार. छोट्या क्लबचं घर खेळाडू विकूनच चालतं, त्यामुळे यश आलं की तेच विकावं लागतं. २०१६-१७ मध्ये प्रशिक्षक गॅस्परिनींच्या पहिल्याच मोसमात अटलांटा चौथा आला. त्या जानेवारीतच गाल्यार्दिनी इंटरकडे गेला, मोसम संपल्यावर केसिए आणि कोंती मिलानकडे, बास्तोनीही इंटरकडे. नापोली तर तेव्हा छोटाही नव्हता. २०१५-१६ मध्ये नापोली दुसरा आणि रोमा तिसरा होता. त्याच उन्हाळ्यात युव्हेंटसने नापोलीचा ३६ गोल मारलेला इगुआइन ९ कोटी युरोंना उचलला आणि रोमाचा प्यानिचही. आपला संघ तगडा झालाच, वर दोन्ही पाठलाग करणारे लंगडे झाले.

यातून सुटायला कोणी मालकाच्या जिवावर उड्या मारल्या. पार्माने पार्मालात कंपनीच्या पैशावर १९९५ आणि १९९९ मध्ये युएफा कप ही युरोपीय स्पर्धा जिंकली. २००३ मध्ये कंपनी कोसळली आणि २०१५ मध्ये क्लब दिवाळखोर होऊन चौथ्या श्रेणीत, सेरी डीमध्ये गेला. वेरोनाच्याच एका उपनगराचा किएव्हो सेरी आत आल्या वर्षी पाचवा आला होता. २०२१ मध्ये थकलेल्या करापायी त्याला सेरी बीमधून बाहेर काढलं.

आता अटलांटा. हा क्लब आता गरीब म्हणण्यासारखा राहिलेला नाही. २०१७ मध्ये त्यांनी स्वतःचं स्टेडियम विकत घेतलं, आणि इटलीत बहुतेक स्टेडियमं अजून नगरपालिकेची आहेत. होयलुंड या खेळाडूला घेऊन वर्षभरात मँचेस्टर युनायटेडला कितीतरी पट किमतीला विकला. २०२४ च्या युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात ५१ सामने न हरलेल्या जर्मनीच्या लेव्हरकुसेनला ३-० हरवलं, तिन्ही गोल लुकमनचे. पण लीग म्हणजे ३८ सामने, तिथे राखीव बाकावर कोण बसलंय यावर एप्रिल-मे ठरतो. गॅस्परिनींच्या नऊ वर्षांत ते तिसऱ्याच्या वर गेले नाहीत. इंटर, एसी मिलान आणि युव्हेंटस एकाच वर्षी घसरले आणि नापोलीचाही मोसम फसला, तर जमेल. मी पैज मात्र लावणार नाही.

वेरोनाचं विजेतेपद पक्कं झालं ते १२ मे १९८५ ला, अटलांटाच्याच गावी, बर्गामोत, अटलांटाविरुद्धच्या १-१ बरोबरीत. वेरोनाचा गोल एल्कयेरचा होता.