चटणीचा हंगाम आणि एकटीचं डोकं

मावशी, मी मिरजेत घरगुती कांदा-लसूण चटणी आणि मसाल्यांचा व्यवसाय करते. वय 38. मागच्या खोलीत मिरची-मसाला कांडायचं डंकाचं मशीन आहे, हाताखाली तिघी जणी आहेत. गिऱ्हाईक मागतंय म्हणून यंदा पापड, शेवया आणि लोणचंही सुरू केलं. आता पहाटे पाचपासून फोन वाजतो. ऑर्डर कुठे लिहिली ते सापडत नाही, एकीची चटणी दुसरीला जाते. दुकानदारांकडे उधारी अडकलीय, बिलं पिशवीत तशीच पडून आहेत. बेळगावच्या मामेबहिणीनं तिकडच्या ऑर्डरी आणून दिल्यात आणि कुणीतरी जीएसटीची भीती घातलीय. एक काम धरलं की दहा मिनिटांत भलतंच काहीतरी करत असते. रात्री झोप नाही. परवा मिरच्यांचे देठ खुडता खुडता रडू आलं. हे म्हणतात, बंद कर. मावशी, करू का बंद?
– मिरजेची एक लेक

बाळ, आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. आत्ता बंद करू नकोस, आणि पुढेही चालवायचंच असा हट्टही आत्ता धरू नकोस. गच्चीवर मिरची वाळतेय आणि डंक दिवसभर तापलेला आहे, अशा वैशाखात हा निर्णय घ्यायचा नसतो. तो आषाढात घे, पाऊस सुरू होऊन हंगाम आटोपला की. तोवर हा महिना-दीड महिना सुसह्य कसा होईल, ते बघू.

मन एका जागी राहत नाही म्हणून तू स्वतःला दोष देतेस, ते मला पटत नाही. तुझ्याकडे तिघी काम करतात, पण पुढचं काम कोणतं हे त्यातल्या एकीलाही तुला विचारल्याशिवाय कळत नाही. ब्याडगी किती, लवंगी किती, कुणाला झणझणीत, कुणाला बेताची, कुणाचे पैसे बाकी, हे सगळं फक्त तुझ्या डोक्यात आहे. म्हणून सगळे तुलाच हाक मारतात, आणि वरून फोन. अशा घरात कुणाचंच चित्त थाऱ्यावर राहिलं नसतं.

तेव्हा आज संध्याकाळी एक जाडजूड वही आण. मोबाइलमध्ये नको, वहीच हवी, कारण ती तिघींनाही उघडता आली पाहिजे. पानावर वर तारीख घाल, माल द्यायची तारीख. खाली गिऱ्हाईक, किलो, तिखटपणा, पैसे आले की बाकी. व्हॉट्सअ‍ॅपवर, फोनवर, दारात किंवा लग्नाच्या मांडवात कुणी सांगितलेली ऑर्डर वहीत चढली तरच ती ऑर्डर. रात्री झोपण्याआधी उद्याची तीन कामं आणि ती किती वाजता करायची, एवढं लिही. मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2011 साली प्रयोगांतून दाखवलं होतं की अर्धवट राहिलेलं काम मनात घोळत राहतं, पण ते कधी आणि कसं करायचं हे नक्की ठरवलं की, काम अजून झालेलं नसलं तरी ते घोळणं कमी होतं. तुझी झोप मोडतेय ती बरीचशी अशा न ठरलेल्या कामांनी.

आता जड जाईल ते सांगते. पापड, शेवया, लोणचं, तिन्ही या वर्षापुरतं थांबव. घेतलेल्या ऑर्डरी पुऱ्या कर, नवी एकही नको. नाही म्हटलं तर गिऱ्हाईक तुटेल असं तुला वाटतं, हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं. पण लोक तुझ्या दारी येतात ते चटणीसाठी. लेकराबाळांच्या घरात लवंगीची जाळ चटणी चुकून गेली तर ते गिऱ्हाईक जाईल. "ताई, यंदा पापड करत नाही" म्हटल्यानं कुणी जात नाही.

बेळगावचंही तसंच. आपल्या राज्याच्या आत माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या वर जाईपर्यंत जीएसटी नोंदणी करावी लागत नाही. पण आपल्यासारखा माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कितीही थोडी असो, नोंदणी लागते, आणि बेळगाव कर्नाटकात. मामेबहिणीला आजच फोन कर, यंदा जमणार नाही असं मोकळेपणी सांग, आणि पुढच्या वर्षी तिथे जायचं की नाही ते सीएला विचारून ठरव. एका फोनमध्ये तिकडच्या ऑर्डरी आणि जीएसटीची भीती दोन्ही कमी होतील.

फोनचं म्हणशील तर तो तिघींपैकी जी बोलायला गोड आहे तिच्या हाती दे आणि तिचा पगार थोडा वाढव. निरोप ती वहीत लिहील, तू दुपारी आणि दिवे लागल्यावर दोनदाच बघ. सकाळी मसाला भाजायला बसलीस की उठायचं नाही. खोबरं, तीळ, धणे यांचा रंग नजरेनं पकडावा लागतो, तिथे तुझीच नजर हवी. वजन करणं, पाकिटं भरणं, लेबल चिकटवणं इथे ती नको. कृती बाहेर जाईल अशी धास्ती असेल तर शेवटचं मिश्रण स्वतःच्या हातानं कर, पण बाकीचं सोड.

उधारीबद्दल गप्प बसू नकोस. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, केलीस, आणि ती फुकट होते, तर सूक्ष्म-लघू उद्योगांच्या 2006 च्या कायद्याचा आधार मिळतो: लेखी करार नसेल तर दुकानदारानं 15 दिवसांत पैसे द्यायचे, करार असला तरी मुदत 45 दिवसांपलीकडे जात नाही. भांडायला जाऊ नकोस, बिलावर फक्त ती मुदत छाप. आणि मागची बाकी आल्याशिवाय नवा माल देऊ नकोस, मग दुकानदार कितीही जुना, ओळखीचा असो.

यजमानांवर रागावू नकोस. त्यांनी तुला रडताना पाहिलंय, त्या काळजीनं ते बोलले असतील. त्यांना सांग, "बंद कर म्हणू नका, रविवारी दोन तास ती बिलांची पिशवी घेऊन बसा." काळजी खरी असेल तर बसतील.

एवढं करूनही पंधरा दिवसांत झोप आली नाही, रडू थांबलं नाही, तर हंगामाची सबब न सांगता डॉक्टरांकडे जा. जगणं नको असा विचार मनात चमकून गेला तर एक दिवसही थांबू नकोस. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, कधीही लाव, मराठीत बोलता येतं.

आणि आषाढात ती वही घेऊन बस. मिरची, मसाले, वीज, तिघींचे पगार, मशीनची दुरुस्ती वजा कर. मग तुझी स्वतःची मजुरीही वजा कर, बाहेरच्या बाईला त्या कामाचे जेवढे दिले असतेस तेवढी. ती बहुतेक घरी कधीच धरली गेली नसेल. जे उरेल तो आकडा मला कळव, मग बंद करायचं की काय ते आपण दोघी मिळून बोलू.

– तुझी मावशी