वडिलांचा नाण्या-तिकिटांचा संग्रह ऑनलाइन लिलावात विकताना

आपण वाईहून विचारले आहे की, वडिलांच्या पश्चात घरात राहिलेली जुनी नाणी, टपाल तिकिटांचे तीन अल्बम आणि एचएमटीची काही घड्याळे ईबेसारख्या ऑनलाइन लिलावात विकायची असतील तर सुरुवात कुठून करावी, आणि गेल्या काही वर्षांत विक्रेत्यांसाठीचे कोणते नियम बदलले. मी साताऱ्यात राहतो आणि २००९ पासून तिकिटे, टपालाचे शिक्के मारलेली पाकिटे व घड्याळे अशा लिलावांत विकत आलो आहे. त्या अनुभवावरून एवढे नक्की सांगू शकतो की खाते उघडण्याआधी आपण संग्रहाची वयानुसार विभागणी करावी. त्यातल्या काही वस्तू परदेशी पाठवणे हा गुन्हा ठरतो आणि हे बहुतेकांना लिलाव मांडून झाल्यावर कळते.

पुरातन वस्तू व कलासंपदा कायदा, १९७२ नुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुने नाणे, शिल्प, चित्र अथवा कारागिरीची वस्तू ही पुरातन वस्तू मानली जाते. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि देशातल्या देशात तिच्या विक्रीचा व्यवसाय करायचा असेल तर परवाना लागतो. आपल्या जिल्ह्यात अनेक घरांच्या देव्हाऱ्यात ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेली तांब्याची शिवराई सापडते. ती परदेशी लिलावात मांडण्याचा विचार मनातही आणू नये. पंचम जॉर्जचा १९११ सालचा रुपया, ज्यावरील राजाच्या झग्यातला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून तो परत घेतला गेला आणि म्हणूनच संग्राहक तो शोधत असतात, तोही आता शंभरी ओलांडून गेला आहे आणि याच नियमात येतो. वयाबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरातन नसल्याचे प्रमाणपत्र मिळू शकते. एखादे नाणे घरातले नसून शेतात नांगरताना मिळालेले असेल, तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे त्यात बंधनकारक आहे. शंभरीपलीकडची नाणी विकायचीच असतील तर ती देशातील परवानाधारक लिलावसंस्थेकडे द्यावीत. त्यांचे लिलावही आता ऑनलाइन होतात आणि कायद्याची बाजू ते सांभाळतात.

नाण्यांबाबत आणखी एक कळकळीची विनंती आहे, ती म्हणजे ती घासू नका. मी सुरुवातीच्या वर्षी राणीछाप रुपया चिंच लावून चकचकीत केला आणि ज्यांना तो दाखवला त्या जाणकारांनी एका नजरेत तो बाजूला ठेवला. नाण्यावर वर्षानुवर्षे चढलेला काळपट थर हीच त्याच्या अस्सलपणाची खूण असते आणि घासलेल्या नाण्याचा भाव बऱ्याचदा चांदीच्या भावापर्यंत खाली येतो. चांदीचा हिशेबही आपल्याला ठाऊक असावा. १८३५ ते १९३९ पर्यंतच्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम असून त्यात ९१.७ टक्के चांदी असे, १९४० पासून ती ५० टक्क्यांवर आली आणि १९४६-४७ चे रुपये निकेलचे आहेत. सराफाकडच्या काट्यावर वजन करून, त्या काट्यासह छायाचित्र काढून ठेवले तर वर्णनात एकही अतिशयोक्त शब्द लिहावा लागत नाही. नाणी परदेशी टपालाने पाठवण्यावर मात्र वेगळे निर्बंध असतात, म्हणून शंभर वर्षांच्या आतले नाणे असले तरी लिलाव मांडण्यापूर्वी टपाल कार्यालयात विचारून घ्यावे.

आपल्यासारख्या नव्या विक्रेत्याने तिकिटांपासून आणि घड्याळांपासून सुरुवात करावी असे माझे स्पष्ट मत आहे. स्वातंत्र्यानंतरच्या तिकिटांना परदेशात कायम मागणी आहे. २१ नोव्हेंबर १९४७ चे ‘जय हिंद’चे तिकीट आणि १५ ऑगस्ट १९४८ चा गांधीजींचा दीड आणे, साडेतीन आणे, बारा आणे व दहा रुपये अशा चार तिकिटांचा संच वडिलांच्या अल्बममध्ये असण्याची शक्यता आहे. यातल्या दहा रुपयांच्या तिकिटाच्या नकला बाजारात आहेत, त्यामुळे ते तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राशिवाय विकायला काढू नये. तिकिटाची मागची बाजू ही पुढच्या बाजूइतकीच महत्त्वाची आहे. मूळ डिंक शाबूत आहे का, अल्बमला चिकटवल्याचा डाग आहे का, कागद कुठे पातळ झाला आहे का, दातेरी कडेचा एखादा दात तुटला आहे का, हे सारे खरेदीदार पाहतो. मी एकदा मागच्या बाजूचे छायाचित्र दिले नाही. माल पोचल्यावर खरेदीदाराला कागद पातळ झालेला दिसला, आणि त्याची तक्रार योग्यच असल्यामुळे सर्व पैसे परत करावे लागले. त्या दिवसापासून मी दोष वर्णनाच्या पहिल्याच ओळीत लिहितो. दोष आधी सांगितल्याने बोली कमी लागते असे वाटते, पण माझ्या अनुभवात उलट घडले आहे, कारण दोष वाचून बोली लावणारा खरेदीदार माल परत करत नाही. पावसाळ्यात वाई-महाबळेश्वरकडील दमट हवेत डिंक ओलसर होऊन तिकिटे एकमेकांना चिकटतात, तेव्हा जून ते सप्टेंबर या काळात अल्बम उघडून हाताळणे टाळावे आणि याच काळात पाठवायचे असेल तर प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत, दोन कडक पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून पाठवावे.

एचएमटीने १९६१ मध्ये बंगळूरला सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळे बनवायला सुरुवात केली. जनता, सोना, पायलट ही चावीची घड्याळे आज जगभरचे संग्राहक मागतात. मात्र तबकडी नव्याने रंगवून ‘मूळ स्थितीतले’ म्हणून विकण्याचा प्रकार इतका वाढला आहे की भारतातून येणाऱ्या प्रत्येक घड्याळाकडे संशयाने पाहिले जाते. आपल्या वडिलांचे घड्याळ दुरुस्तीला कधी दिले होते, काय बदलले, हे घरच्यांना आठवत असेल ते लिहा, आणि मागचे झाकण उघडून आतील यंत्राचे छायाचित्र जरूर द्या.

लिलावाची पद्धत नीट समजून घेतली नाही तर विक्रेता घाबरून चुका करतो. ईबेवर बोलीदार आपली कमाल रक्कम गुप्तपणे नोंदवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. एकाने ४० डॉलर आणि दुसऱ्याने ५५ डॉलर कमाल ठेवले असतील, तर भाव ५५ वर जात नाही, तो ४१ वर थांबतो, कारण त्या टप्प्यात एक-एक डॉलरची वाढ होते. म्हणजे चांगला भाव मिळायला एक उत्साही गिऱ्हाईक पुरत नाही, दोन लागतात. ज्या वस्तूला दोन गिऱ्हाइके मिळण्याची खात्री नाही ती लिलावात न मांडता ठरावीक किमतीला मांडावी. सुरुवातीची बोली अशी ठेवावी की त्याच भावात वस्तू गेली तरी आपल्याला वाईट वाटणार नाही. लिलाव १, ३, ५, ७ किंवा १० दिवसांचा ठेवता येतो. मी सात दिवसांचा ठेवतो आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारची रात्र असताना, म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहा-सातच्या सुमारास, तो संपेल असा बेत करतो. शीर्षकाला ८० अक्षरांची मर्यादा आहे, तेव्हा तिथे ‘सुंदर’, ‘दुर्मिळ’ असे शब्द न घालता देश, साल, मूल्य आणि स्थिती लिहावी.

भाव चढत नाही म्हणून भावाने किंवा मित्राने दुसऱ्या खात्यावरून बोली लावणे, हे कितीही निरुपद्रवी वाटले तरी सक्त मनाई असलेले कृत्य आहे. ती खऱ्या गिऱ्हाइकाची फसवणूक आहे आणि त्यासाठी खाते कायमचे बंद होऊ शकते. बोली लागल्यानंतर शेवटच्या बारा तासांत लिलाव मागेही घेता येत नाही.

आता बदललेल्या नियमांकडे येतो. ईबेचे भारतातील संकेतस्थळ १४ ऑगस्ट २०१८ रोजी बंद झाले. तेव्हापासून भारतीय विक्रेत्याने ईबेवर विकणे म्हणजे निर्यात करणे, हे सूत्र लक्षात ठेवावे. त्यासाठी पॅन, बँक खाते आणि परकीय व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात सांकेतांक लागतो. त्याचे शुल्क ५०० रुपये आहे आणि दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातील माहिती अद्ययावत करावी लागते. नव्या खात्याला दरमहा किती वस्तू मांडता येतील यावर मर्यादा असते. विक्रेत्याला खरेदीदाराबद्दल प्रतिकूल अभिप्राय देण्याची सोय २००८ मध्येच काढून टाकली गेली. बोली जिंकून पैसे न देणाऱ्याबाबत चार दिवस वाट पाहून व्यवहार रद्द करता येतो. खरेदीदाराला मात्र वस्तू वर्णनाप्रमाणे नसल्याची तक्रार ती मिळाल्यापासून तीस दिवसांपर्यंत करता येते. हा तोल विक्रेत्याच्या विरुद्ध झुकलेला आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते, आणि म्हणूनच छायाचित्रांवर मी एवढा भर देतो.

सर्वांत मोठा बदल करांचा आहे. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२१ पासून १३५ पौंडांपर्यंतच्या मालावरचा व्हॅट संकेतस्थळच खरेदीदाराकडून वसूल करते. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून २२ युरोपर्यंतची सूट रद्द केली आणि १५० युरोपर्यंतच्या मालासाठी तशीच पद्धत आणली. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी थांबवली. त्या धांदलीत आपल्या टपाल खात्यानेही २५ ऑगस्टपासून अमेरिकेकडे माल पाठवणे स्थगित केले आणि १५ ऑक्टोबर २०२५ पासून, शुल्क येथेच आधी भरण्याच्या पद्धतीने, ते पुन्हा सुरू केले. त्या दोन महिन्यांत मी अमेरिकेसाठीचे सर्व लिलाव बंद ठेवले होते. शुल्काचे दर बदलत असतात, म्हणून लिलाव मांडण्याच्या दिवशी टपाल कार्यालयात चालू दर विचारून तो पाठवणीच्या खर्चात धरावा आणि शुल्क कोण भरणार हे वर्णनात स्वच्छ लिहावे. टपालाच्या निर्यातीचे कागद आता डाकघर निर्यात केंद्राच्या सोयीतून ऑनलाइन भरता येतात.

देशातील संकेतस्थळांवर विकल्यास विक्रीतून कापला जाणारा आयकर ऑक्टोबर २०२४ पासून १ टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आला आहे.

एक धोका मात्र नियमांच्या बाहेरचा आहे. ट्रॅक्टरचे चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नोटेला लाखो रुपये देतो असे सांगून आधी ‘नोंदणी शुल्क’ मागणारे फोन आपल्यालाही येतील. कराडमधील माझ्या परिचयाच्या एका निवृत्त गृहस्थांनी असे शुल्क तीन वेळा भरले आणि हातात काहीच आले नाही. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर केले आहे की अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती कोणाकडूनही त्यासाठी शुल्क घेत नाही. खरा गिऱ्हाईक विक्रेत्याकडे पैसे मागत नाही.

शेवटी, अल्बमच्या पानांवर वडिलांनी पेन्सिलीने काही लिहिलेले असेल, तिकीट कोठून, कधी आणि कितीला घेतले अशा नोंदी असतील, तर त्या पुसू नका आणि तिकिटे काढण्यापूर्वी प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या. संग्राहक वस्तूचा पूर्वेतिहास मोलाचा मानतात, आणि त्या नोंदीचे छायाचित्र वर्णनाशेजारी जोडले तर शून्य अभिप्राय असलेल्या नव्या खात्यावरही बोली लावायला लोक धजावतात.