सुक्या अळंबीतली अळी

प्रश्न : भेट मिळालेली सुकी रानअळंबी भिजत घातली, तर पाण्यावर दोन पांढरट अळ्या आल्या. उरलेली अर्धी पुडीही फेकून देऊ का?

उत्तर : अळ्या वळवळत होत्या का? नसतील, तर त्या बहुधा अळंबीबरोबरच वाळलेल्या. अळंबी रानात उभी असतानाच बारीक माश्या तिच्यात अंडी घालतात. अळ्या दांडा पोखरत टोपीपर्यंत जातात आणि अळंबी वाळवली की त्याही वाळतात. किळस येते, पण अपाय नाही. मी चमच्याने काढून टाकते आणि पाहुण्यांना सांगत नाही.

नंतर डब्यात शिरलेली कीड वेगळी. उरलेली अळंबी पांढऱ्या कागदावर पसरा. तळाशी पिठासारखा भुगा, तुकड्यांना तुकडे चिकटवणारी जाळी किंवा चालणारा तपकिरी किडा दिसला, तर पुडी बाहेर, शेजारचे डबेही तपासा. काहीच नसेल, तर हवाबंद बरणीत भरून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा, म्हणजे अंडी राहिली असली तरी मरतील. बरणी बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. गार अळंबीवर दव धरतं आणि तिला बुरशी येते.

कोमट पाण्यात वीस-तीस मिनिटं पुरतात. मग अळंबी हाताने उचलून घ्या, वाडगं उपडं करू नका. मी एकदा पाण्यासकट पातेल्यात ओतली होती, तळाशी बसलेली माती त्यात गेली आणि जेवताना प्रत्येक घासाला दातांखाली कचकच. ते पाणी मात्र टाकू नका, सगळी चव त्यात असते. दाट फडक्यातून गाळा आणि शिजवतानाच वापरा. मॉरेल, म्हणजे गुच्छी, ही अळंबी आतून पोकळ असते, ती उभी चिरून आत काय दडलंय ते बघा. शिवाय ती पुरती शिजायलाच हवी, कच्ची राहिली तर उलट्या होतात.

आता तुम्ही न विचारलेलं. ही अळंबी गोळा कोणी केली? ‘किड्यांनी खाल्ली म्हणजे विषारी नाही’ असं सर्रास म्हणतात, ते साफ खोटं आहे. माणसाचा जीव घेणाऱ्या अळंबीतही अळ्या मजेत वाढतात, आणि ते विष वाळवून जात नाही, शिजवूनही नाही. देणाऱ्याला अळंबीची पक्की ओळख नसेल, तर अळ्या असोत-नसोत, ती पुडी ठेवू नका.