ब्रिंदिसीजवळ मसेरियात राहणार असाल तर

दक्षिण इटलीतल्या ब्रिंदिसी बंदरातून ग्रीसची बोट पकडायची असेल तर शेवटची रात्र शहरातच काढा. आधीचे दिवस जवळच्या ओस्तुनी गावाच्या बाजूला एखाद्या मसेरियात, म्हणजे ऑलिव्हच्या बागेतल्या जुन्या तटबंदीच्या वाड्यात, खुशाल राहा. तिथवर सहसा बस जात नाही, गाडी हवीच. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट भारतातूनच काढून न्या. जुन्या गावांत 'झेडटीएल'ची, म्हणजे फक्त परवानगी असलेल्या गाड्यांनाच प्रवेश असल्याची, पाटी दिसली की गाडी बाहेरच लावा, नाहीतर कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड घरपोच!

रात्री जेवण मिळतं का, ते बुकिंगआधी विचारा. शाकाहारी असाल तर वाटलेला फावा (वालासारखं कडधान्य) आणि चिकोरीची कडसर पालेभाजी मागवा, झकास लागते. हिरव्या पाल्यातला ओरेक्किएत्ते पास्ता मात्र विचारूनच घ्या. त्यात बरेचदा अँचोवी मासा विरघळवलेला असतो, दिसतही नाही.